तांडेल बाई निकाल देत नसत

तांडेल बाईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या आमच्या वॉर्डात खिडकीजवळच्या खाटेवर पालथ्या झोपलेल्या होत्या. नाकाला ऑक्सिजनची नळी, गाल उशीत रुतलेला, चष्मा उशाशी. साथीचं ते पहिलं वर्ष होतं. सिल्वासाला एका ट्रस्टच्या रुग्णालयात मी भूलतज्ज्ञ आहे; त्या दिवसांत आम्हा भूलतज्ज्ञांकडे सगळा कोविड वॉर्ड आला होता. काउंटरपाशी माझे दोन तरुण डॉक्टर भांडत होते. तोंडावर मास्क आणि अंगावर तो पांढरा पोशाख असला की आवाज पोचत नाही, त्यामुळे भांडण आणखीच मोठ्याने चाललं होतं.

“रात्रपाळीवाले नेहमी असंच करतात,” एक म्हणाला.

“काम टाकून कोण जातं ते सगळ्यांना माहीत आहे,” दुसरा म्हणाला.

“ए, तुम्ही दोघं. इकडे या.” आवाज खाटेवरून आला होता. बारीक, पण असा की दोघंही खरोखर गेले आणि खाटेपाशी उभे राहिले. बाईंनी मान न वळवता विचारलं, “‘नेहमी’ म्हणजे कधी? ‘सगळे’ म्हणजे कोण? नावं घ्या.” धाप लागली म्हणून जरा थांबल्या. “मत नंतर. मत कोणालाही असतं. आधी काय झालं ते सांगा.”

त्यांनी सांगितलं. कारण त्या विचारत होत्या, आणि गेल्या कित्येक दिवसांत त्यांना कोणी काही विचारलंच नव्हतं. निघालं ते एवढंच की सिलिंडर बदलायचा निरोप एकाने दिला होता आणि दुसऱ्यापर्यंत तो पोचला नव्हता. खोटं कोणीच बोलत नव्हतं. मी दारात उभी होते. बाईंना खाटेवरून बोलू नका म्हणून सांगायला आले होते, ते राहूनच गेलं.

प्रमिला तांडेल मूळच्या डहाणूच्या किनाऱ्यावरच्या. वडील आणि भाऊ मासेमारी करणारे, घरात पहिल्या शिकलेल्या त्याच. नोकरीच्या निमित्ताने सिल्वासाच्या मराठी शाळेत आल्या आणि इथल्याच झाल्या. त्यांच्या वर्गात कारकुनांची मुलं होती, गावातली होती आणि पुढे कारखाने वाढले तशी धुळ्या-नंदुरबारहून आलेल्या कामगारांची मुलं आली. या मुलांना त्यांनी निवृत्त होईपर्यंत इतिहास शिकवला. लग्न केलं नाही. बाजारामागच्या दोन खोल्यांत एकट्या राहत. आमच्या निम्म्या सिस्टर त्यांच्या विद्यार्थिनी निघाल्या. त्यातली एक मला म्हणाली, “मॅडम, बाईंच्या तासाला सनावळ्या पाठ नसल्या तरी चालायचं. पण ‘लोक चिडले’ असं लिहिलं की त्या विचारायच्या, कोणते लोक? का चिडले? त्यांच्यातल्या एकाचं तरी घर डोळ्यांसमोर आण.”

बऱ्या होऊन घरी गेल्या आणि थोड्याच दिवसांत छत्री टेकत परत आल्या. मला म्हणाल्या, “तुमची पोरं दमलेली नाहीत, कोंडलेली आहेत. मला त्यांच्याशी बोलायचंय.”

“तुम्ही समुपदेशनाचं काही शिकलाय का?” मी विचारलं.

“नाही. मला ऐकता येतं आणि प्रश्न विचारता येतात. इतिहासात तेवढंच असतं.”

खरं सांगायचं तर मी हो म्हटलं ते त्यांना टाळता येईना म्हणून. रुग्णालयाच्या मागे कामगारांच्या सायकली ठेवायची पत्र्याची शेड होती. तिथे एकमेकींपासून लांब लांब खुर्च्या मांडल्या. दुपारची पाळी सुटली की ज्याला वाटेल त्याने यायचं. पहिल्या दिवशी एकटी एक सिस्टर आली, तीही विद्यार्थिनी म्हणून भीतीने. पुढे पुढे खुर्च्या कमी पडायला लागल्या.

बाई तिथे काय करत, हे आमच्या विश्वस्तांना समजावून सांगताना माझी पंचाईत व्हायची. त्या धीर देत नसत. ‘हेही दिवस जातील’ असलं काही त्यांच्या तोंडून मी ऐकलं नाही. वॉर्डात जे घडलं असेल ते सांगायला लावत, आणि त्याच घटनेतल्या प्रत्येकाच्या जागेवरून पुन्हा सांगायला लावत. “आता त्या पेशंट बाईच्या सासऱ्याच्या जागी बसून सांग. तो व्हरांड्यात होता. त्याला काय दिसलं?” डॉक्टर सांगायला लागायचा आणि मध्येच थांबायचा, कारण सासऱ्याला काय दिसलं असेल याचा विचार त्याने केलेलाच नसायचा. शेवटी कोणीतरी हटकून विचारायचं, “मग चूक कोणाची, बाई?” आणि बाई हात झटकत. “निकाल जन्मभर लावले रे शाळेत. आता नाही लावत. काय झालं ते नीट कळलं, पुष्कळ झालं.”

याचा उपयोग होत होता. दुधनीकडच्या पाड्यांवरून लोक आमच्याकडे यायचे बंद झाले होते. आमची गाडी गेली की माणसं तापलेल्या पेशंटला घेऊन रानात शिरत. आमचे डॉक्टर वैतागून म्हणत, अडाणी आहेत, काय करणार. बाईंनी त्यांना जुन्या प्लेगची गोष्ट सांगितली. शिपाई घरात शिरून आजारी माणूस उचलून नेत, मग त्याचं तोंडही घरच्यांना दिसत नसे, म्हणून शहरातली शिकली-सवरलेली माणसंही आपले आजारी माळ्यावर लपवत. “ते अडाणी होते का?” त्यांनी विचारलं. “तुमची गाडी माणूस घेऊन जाते. नंतर तो त्यांना कुठे दिसतो?”

तो कुठेच दिसत नव्हता. दुसऱ्या दिवशी आम्ही वॉर्डाच्या मागच्या बाजूची खिडकी साफ केली, बाहेर दोरी बांधली आणि नातेवाइकांनी दोरीपलीकडून आपलं माणूस बघायचं असं ठरवलं. एक म्हातारा काचेतून बायकोकडे बघत बराच वेळ उभा राहिला आणि मग नुसता हात हलवून दुधनीला परत गेला. त्यानंतर त्याच्या पाड्यावरून चार माणसं आपण होऊन आली. त्या दिवशी मी विश्वस्तांना फोन करून सांगितलं की बाईंना आत यायला कोणी अडवायचं नाही.

आणि म्हणूनच किरणचं जे झालं ते मला अजून पचलेलं नाही.

डॉ. किरण वळवी नवापूरकडचा. त्याच्या गावातला पहिला डॉक्टर. बोलायला कमी, पण पेशंटच्या खाटेवर खुशाल बसून त्याची भाषा काढून बोलणारा. शेडमध्ये बाईंसाठी खुर्ची पुसून ठेवणारा तोच. बाईंचाही त्याच्यावर जीव होता. डहाणूहून भाच्याने सुके बोंबील पाठवले की त्याची चटणी करून त्या डब्यातून आणत आणि म्हणत, “वळवी, हे तुझं. बाकीच्यांना वास सोसवत नाही.”

दुसऱ्या लाटेत एका दुपारी तो खालच्या वॉर्डात एकटा होता. मी वरच्या मजल्यावर एका पेशंटच्या घशात नळी घालत होते. जास्त दाबाने ऑक्सिजन देणारी आमची सगळी मशीनं लागलेली होती. त्यातलं एक अथालच्या एका आजींना लावलेलं होतं, आणि त्यांची तब्येत किंचित सुधारत होती. तेवढ्यात राखोलीच्या कारखान्यातला एक कामगार आणला. मूळचा शिरपूरकडचा, चाळिशीतला, बरोबर मेहुणा. त्याला मशीन लागत होतं, लगेच. किरणने आजींचं मशीन काढलं नाही. साध्या मास्कवर जेवढं करता येईल तेवढं केलं. वर आमच्याकडे, वापीकडे, सगळीकडे फोन केले. संध्याकाळच्या आत तो माणूस गेला. आणि दोन-तीन दिवसांनी आजीही गेल्या.

मी किरणला सांगितलं की तुझ्या जागी मी असते तर हेच केलं असतं. चालू असलेलं, उपयोग होत असलेलं मशीन कोणी काढत नाही. तो म्हणाला, “मॅडम, तुम्ही म्हणणारच. तुम्ही आमच्यातल्याच.” त्याला बाहेरच्या माणसाकडून ऐकायचं होतं. आणि बाहेरचं म्हणावं असं, ज्याच्या शब्दावर त्याचा विश्वास होता असं, एकच माणूस होतं.

तो शेडमध्ये आला तेव्हा आम्ही सात-आठजण होतो. त्याने सगळं सांगितलं. बाई नेहमीसारख्या पुढे झुकून ऐकत होत्या.

“तो माणूस शुद्धीवर होता?” त्यांनी विचारलं.

“होता.”

“काही बोलला?”

“मशीन कवा येईल, विचारत होता. पुन्हा पुन्हा.”

“तू काय सांगितलंस?”

“सांगितलं, येतंय.”

“येत होतं का?”

बाईंच्या आवाजात दोष देणं नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. सासऱ्याच्या जागी बसून सांग, असं ज्या आवाजात म्हणायच्या तोच आवाज. पण किरणचा चेहरा मला दिसत होता.

“नाही,” तो म्हणाला.

“बरं. मग?”

“मग काही नाही. मग तो गेला.” किरणने मास्क खाली ओढला, पुन्हा वर केला. “बाई, मी चुकलो का? एवढं फक्त सांगा.”

शेडच्या पत्र्यावर माकडं उड्या मारत होती आणि आम्ही सगळे बाईंच्या तोंडाकडे बघत होतो. मग त्या म्हणाल्या, “ते ठरवणारी मी कोण, किरण? मी तिथे नव्हते. निकाल देणं माझं काम नाही.”

त्याने मान हलवली. थँक यू बाई, म्हणाला. उठून आपली खुर्ची पुसली, एकात एक ठेवायची तशी ठेवली आणि ड्युटीवर गेला. ड्युटी त्याने लाट ओसरेपर्यंत केली, चोख केली. शेडमध्ये मात्र पुन्हा आला नाही. चटणीचा डबा बाईंनी एक-दोनदा सिस्टरबरोबर पाठवला, तो धुऊन परत आला. पेशंट कमी झाले, आम्ही पांढरे पोशाख उतरवले, आणि त्याच आठवड्यात त्याने राजीनामा दिला. पुढे शिकायला जातोय का, विचारलं तर म्हणाला, “नाही मॅडम. घरी जातोय.”

बाईंना हे मी सांगितलं तेव्हा त्या बाजारात वांगी निवडत होत्या. हातातलं वांगं तसंच धरून म्हणाल्या, “कुठल्या घरी?” जणू तो मुद्दा महत्त्वाचा होता. त्या दिवसापासून भेटल्या की त्याची चौकशी. दुसऱ्या रुग्णालयात लागला का? दवाखाना टाकला का? मला ठाऊक असायचं तेवढं मी सांगायची. भावाच्या कोंबड्यांच्या शेडवर बसतो, एवढंच कळलं होतं. वर्ष-दीड वर्ष असं गेलं. साथ संपली, शेडमध्ये पुन्हा सायकली लागल्या. मग एकदा त्या स्वतःच माझ्या घरी आल्या आणि म्हणाल्या, “सुजाता, मला नवापूरला ने.”

वाटेत त्या फार कमी बोलल्या. व्यारा मागे पडल्यावर म्हणाल्या, “मी त्या दुपारी घरी जाऊन खूश होते गं. मला वाटलं, आपण मोह टाळला. पोरगं शब्द मागत होतं, आणि मी दिला नाही. खरेपणा राखला.” खिडकीबाहेर बघत राहिल्या. “कसला खरेपणा?”

किरण लांबलचक शेडच्या तोंडाशी उभा होता. जरा जाड झाला होता, उन्हाने रापला होता. आम्हाला बघून मनापासून हसला. वाकून बाईंच्या पाया पडला, आत पंख्याखाली बसवलं, चहा मागवला. पिल्लांच्या लसी, खाद्याचे भाव, उन्हाळ्यात शेडवर पाणी कसं मारावं लागतं, सगळं सांगितलं. मध्येच गावातली एक बाई पोराला घेऊन आली, पोराच्या कानातून पाणी येत होतं. किरणने हात खिशात घातले आणि तिला तालुक्याच्या दवाखान्यात जायला सांगितलं. ती म्हणाली, “तुमीच बघा ना, डाक्टर.” तो नाही म्हणाला. रागाने नाही. दुकानात नसलेली वस्तू मागितल्यावर नाही म्हणतात तसं.

ती गेल्यावर बाईंनी कप खाली ठेवला. “किरण, मी एक सांगायला आले. तू बरोबर केलंस. मशीनचंही, आणि त्या माणसाला ‘येतंय’ म्हणालास तेही. मी त्याच दिवशी हे बोलायला हवं होतं.”

किरणने खाली बघितलं. “मला बरं वाटावं म्हणून म्हणताय, बाई.”

बाईंना साधं ‘नाही’ म्हणता आलं असतं. पण त्यांनी तिथेही विचार केला. “हो,” म्हणाल्या. “म्हणून आलेय. पण ते खरंही आहे.”

“असेल.” तो हसला. “तेव्हा मला खरं-खोटं काही नको होतं, बाई. तुम्ही नुसतं ‘हो रे पोरा’ म्हणाला असतात ना, मी विश्वास ठेवला असता. आता तुम्ही किती पुराव्यानिशी सांगितलंत तरी आत जात नाही. काय करू?”

बाईंनी हात पुढे केला, त्याच्या डोक्यावर ठेवला. त्याने ठेवू दिला. निघताना त्याने आमच्या गाडीत अंड्यांचे ट्रे ठेवले आणि पैसे घ्यायला साफ नकार दिला.

परतताना काळोख पडायला लागला होता. बारडोलीच्या पुढे चहाला थांबलो. बाई गाडीतच बसून राहिल्या. मी त्यांचा चहा खिडकीतून दिला, तेव्हा त्या म्हणाल्या, “मी त्याला विद्यार्थी समजले गं. त्या दिवशी तो पेशंट होता. तुमच्याकडे हे तपासूनच मग औषध देतात ना?” मी म्हटलं, आम्हीही चुकतो. त्यांना ते पटलं नाही.

त्यानंतर बाई आमच्याकडे अधूनमधून येत, पण माणसांना बोलतं करणं त्यांनी सोडलं. नवे डॉक्टर आले, त्यांना मी बाईंबद्दल सांगायची आणि ते म्हणायचे, आम्हालाही बसवा ना एकदा त्यांच्यासमोर. मी विचारलं की बाई विषय बदलत. मला ते फार चुकीचं वाटे. एका किरणपायी त्या उरलेल्या सगळ्यांना विसरत होत्या. त्यांच्यामुळे टिकून राहिलेली दहा-बारा माणसं आजही आमच्या वॉर्डात काम करतात, त्यातला एक तर त्या दिवशी सिलिंडरवरून भांडणारा. हे मी त्यांना एकदा बोलून दाखवलं. “दहा-बारा?” म्हणाल्या. “नावं घे.” मी घेतली. सगळी नावं त्यांनी ऐकून घेतली आणि शेवटी म्हणाल्या, “आणि वळवी.”

गेल्या थंडीत त्यांचं हृदय थकलं. पायांवर सूज, बसूनच झोप. आमच्याकडेच दाखल केलं. एका सकाळी मी राउंडला गेले तेव्हा एक नवी इंटर्न मुलगी त्यांच्या हातात औषधासाठी सुई घालत होती. म्हाताऱ्या माणसाची शीर पकडणं कठीण असतं. हिने कितीदा तरी टोचलं होतं, मनगटापासून कोपरापर्यंत हात काळानिळा झाला होता. मुलीच्या कपाळावर घाम. मी पुढे होणार तेवढ्यात बाईंनी मला डोळ्यांनी थांबवलं. अखेर एकदाची सुई लागली. मुलीचे डोळे भरले होते. “सॉरी आजी. मी नीट नाही केलं.”

“छान केलंस,” बाई म्हणाल्या. “अगदी बरोबर केलंस. मला कळलंसुद्धा नाही.”

मुलगी हसली, ट्रे उचलून भरभर बाहेर गेली. बाईंनी टोचलेला हात हळूच पांघरुणात घेतला. माझ्याकडे बघितलं नाही.

त्याच आठवड्यात त्या गेल्या. डहाणूचे भाचे आले. दमणगंगेच्या काठी सगळं आटोपलं. किरणला मी कळवलं होतं, तो एवढ्या लांबून येईल असं वाटलं नव्हतं. पण आला, लोकांच्या मागे उभा राहिला. गर्दी पांगल्यावर आम्ही दोघं काठावर थांबलो. त्या इंटर्न मुलीचं सांगावं की नाही याचा मी बराच वेळ विचार केला. मग सांगितलं.

त्याने सगळं ऐकलं. पायानेच वाळू सारखी करत म्हणाला, “बरं झालं, मॅडम. तिला तरी वेळेवर मिळालं.”

त्याने घड्याळ बघितलं. वापीहून गाडी आहे, म्हणाला, आणि पायऱ्या चढून रस्त्याला लागला.